रापणीचा हात

रस्सीखेचीच्या नियमांचा कागद मी टाइप केला होता. पाचवा नियम असा होता: 'संघातील प्रत्येक खेळाडू त्या वाड्याचा मतदार असावा.' मी तो टाइप केला, युवक मंडळाच्या शिक्क्याखाली चिटणीस म्हणून सही केली आणि केरी गावाच्या पाचही वाड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, एकेक प्रत चिकटवून आले. तेव्हा मला काहीही बोचले नाही. हे आधीच सांगते, कारण पुढच्या दिवसांत मी पुष्कळांवर चिडले आणि ज्याच्यावर चिडले त्याने माझ्या तोंडासमोर हाच कागद धरला.

मी वाढले गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्यात. वडील सिंधुदुर्गातून खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले आणि तिथलेच झाले. ट्रकवर नसत तेव्हा ते ड्रायव्हरांच्या संघटनेची पत्रके लिहीत. न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर पडलेले असत. आई त्यांत सुकट बांधी, मी त्यांवर वाचायला शिकले. 'हक्क' हा जोडाक्षरी शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येत होता. अशा घरातल्या मुलीला पाचवा नियम टाइप करताना थांबायला हवे होते. थांबले नाही, कारण आम्हाला कधी कुणी थांबवले नव्हते. वडील बाहेरून आले खरे, पण त्यांची बोली, देव, आडनाव सगळे सुर्लेकरांच्या ओळखीचे होते. मतदार यादीत आमची नावे चढली तेव्हा कुणी मान वर करून पाहिलेही नाही.

नोकरीसाठी मी पेडण्यात आले आणि केरीला मामाकडे राहू लागले. मामा वाड्याच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी एका दोराचे टोक वाळूत ठेवून निघते, समुद्रात अर्धगोल घेत जाळे सोडते आणि दुसरा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसे लागतात आणि पाण्याकडे तोंड करून मागे मागे चालत ओढतात. सगळ्यात मागचा माणूस सुरूच्या झाडांपर्यंत पोचला की त्याने दोर सोडायचा, धावत पाण्याकडे जायचे आणि सगळ्यांच्या पुढे पुन्हा धरायचा. तेवढ्यात दुसरा मागे आलेला असतो, तो सोडतो. असे दोन-दोन तास चालते. कुणी हाक देत नाही. शेवटाला आलास, सोड, पुढे पळ.

पूर्वी हे सगळा वाडा करायचा. आता वाड्यातले तरुण बोटीवर, म्हणजे परदेशी जहाजांवर नोकरीला, जातात, हरमलला पर्यटकांना खोल्या आणि स्कूटर देतात, शॅकवर काम करतात. सकाळी दोराला हात कमी पडू लागले तेव्हा झारखंडचे अकरा जण आले. आदिवासी, भातशेती करणारे. पावसात लावणीसाठी ते गावी जातात आणि पाऊस संपला की परत येतात. असे सात मोसम झाले. आमच्या घरामागच्या माडांत, पत्र्याच्या तीन खोल्यांत ते राहतात. वाड्यात त्यांना सगळेच 'भय्या' म्हणत. वेगळा ओळखायचा झाला तर 'लाल बनियनवालो भय्या'. गावच्या बाकीच्या चार वाड्यांत ते नुसते 'भायले', बाहेरचे. त्यांच्यात वयाने मोठा होता त्याला बाकीचे दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. खांद्याने रुंद, चालायला संथ आणि दोराला लागला की हलवता न येणारा.

आता जे झाले ते. दर वर्षी भातकापणी उरकली की पाच वाड्यांची रस्सीखेच केरीच्या वाळूवर होते. आमच्या वाड्याचा कप्तान मामाच; त्या वर्षी त्याने महिनाभर आधीच सराव सुरू केला. सरावाला समोर कुणीतरी लागते. तिथे त्याने झारखंडच्या मंडळींना उभे केले. रोज संध्याकाळी वाड्याचे आठ एकीकडे आणि त्यांच्यातले आठ दुसरीकडे. आणि रोज वाड्याचे आठ वाळूत नाक घासत पुढे जात. मामा खूश. म्हणे, "हेंका हरवलंव काय गाव जिकलो." दादाने या सगळ्याचा साधा अर्थ घेतला होता, की आपल्यातले काही जण संघात असणार.

त्याने कागद वाचला. लिपी त्याच्या ओळखीचीच होती. संध्याकाळी तो आमच्या ओसरीखाली येऊन उभा राहिला.

"बाय, मतदार म्हणजे वोटवालो ना?"

"होय."

"माझो वोट गावाक आसा. ओढूचा हंय आसा." सात वर्षांत तो मामाची बोली शिकला होता, मधे मधे त्याची स्वतःची भाषा येई. "मग माझो नंबर नाय?"

मी म्हणाले, नियम आहे. हा शब्द माझ्या तोंडून आला.

मग त्याने एकच गोष्ट सांगितली. या मोसमात त्याची बायको पहिल्यांदाच त्याच्याबरोबर आली होती. सात वर्षे तो तिला फोनवर सांगत आला होता, की तिथेही माझा वाडा आहे. खोली नाही, कंत्राट नाही, वाडा. "ती आता बघतली," तो म्हणाला, आणि खोलीकडे गेला.

त्या रात्रीपासून मला तो कागद माझाच शत्रू वाटू लागला. मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सरळ म्हणाले, पाचवा नियम चुकीचा आहे, मीच लिहिला आहे, मीच काढते. शाळेच्या व्हरांड्यात पाच वाड्यांचे पाच कप्तान आणि सगळी मंडळी बसली होती.

"गो, कालच चिकटवलंस ना तां?" वरच्या वाड्याचा कप्तान म्हणाला. "आज सोडवतंस? डिंक तरी सुकू दी."

सगळे हसले. हसून झाल्यावर म्हणाले, बाहेरच्यांना घेतले तर उद्या मैदानावर आपलीच पोरे दिसायची नाहीत. शेवटी तोडगा निघाला. बाहेरच्यांचा एक वेगळा संघ करू, त्याला 'पाहुणे संघ' म्हणू, उद्घाटनाला त्यांचा एक प्रेक्षणीय सामना ठेवू. मला तो विजय वाटला. मी घरी येऊन वडिलांच्या थाटात एक पत्रक लिहिले, पिवळ्या कागदावर छापून आणले. मथळा होता: 'पाहुण्यांचे स्वागत असो!' उद्गारचिन्हासकट. पहिली प्रत मी खोल्यांवर नेऊन दिली. वाटले, आता तरी आनंद होईल.

दादाने ते पूर्ण वाचले. त्याच्या मागे दोघे-तिघे उभे होते, एकाच्या हातात कांदा होता, एक पायरीवर भांडी घासत होता.

"पावणो म्हणजे जो जेवता आणि जाता," दादा म्हणाला. "आमी सकाळी साडेपाचाक दर्यार आसतंव. तांडेल आमका पावणो म्हणून उठवता?"

मागचा कांदेवाला हिंदीत म्हणाला, "मेहमान को दूसरी रोटी पूछते हैं, बाय. हमको दूसरा दोर पूछते हैं."

ते हसले. मी हसले नाही. वेगळा संघ त्यांना नको होता. तसा एक संघ आधीच होता: सरावात समोर उभे राहणारा. पत्रकावर कितीही गोड शब्द लिहिले तरी त्याने त्यांना दोराच्या पलीकडेच ठेवले होते. दादाला मामाच्या बाजूने ओढायचे होते, रोज सकाळी ओढतो तसे. एवढी साधी मागणी मला कळायला दोन कागद खर्ची पडले. छापलेली उरलेली पत्रके मी परत आणली आणि चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उंडे, म्हणजे गोल कडक पाव, आणि चहा पुढ्यात असताना, मी मामाला गाठले. म्हटले, पाचही कप्तानांच्या सह्यांशिवाय नियम बदलणार नाही, आणि तू सही करेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

"तुका काय कळता गे? उद्या वयल्या वाड्याचे म्हणतले, तांडेलाकडे आपली माणसां नाय, भाड्याचे हात लावता."

मामी चुलीपाशी होती. ती मासळी विकते आणि बाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. "सकाळी ओढतत तेव्हा वाड्याचे हात," ती म्हणाली, "आणि सांजेक भाड्याचे?"

"पावसात खंय आसतत ते? चार म्हयने गावाक."

"तुमचो धाकलो भाव बोटीर जाता, धा म्हयने खंय आसता? दोन म्हयने येता तो वाड्याचो. गेल्या वर्सा संघात होतो. पयल्याच झटक्याक तोंडार पडलो, पण वाड्याचो! आणि ह्ये आठ म्हयने हंय रवतत ते भायले."

"च्या निवता तुझी," मामा म्हणाला.

"माझी नाय, तुमची निवता."

मामाने चहा एका घोटात संपवला आणि उठला. सही केली नाही. पण त्या संध्याकाळी सरावाला त्याने दोन्ही बाजू मोडल्या आणि माणसे मिसळून उभी केली. दादा मामाच्या मागे. त्यानंतर तो सरावाहून घरी आला, हात धुतले आणि मला म्हणाला, "खंय तो तुझो कागद?"

उरले चार कप्तान. त्यांच्याकडे मी तत्त्वे घेऊन गेले होते. चालली मात्र वेगळीच गोष्ट. वरच्या वाड्याच्या कप्तानाने माझे पाच मिनिटांचे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले,

"म्हणजे माझ्या काजूच्या बागेतले नेपाळी पण चलतत?"

"वाड्यात राहतात ना? चालतील."

"एक आसा गे थंय, गॅसचो भरलेलो सिलिंडर एका हातान उचलता."

"मग करा सही, काका."

त्याने केली. पुढच्या वाड्यात गदगहून आलेले गवंडी होते, त्याच्या पुढच्यात ओडिशाचे होडीवाले. प्रत्येक कप्तानाच्या डोळ्यांसमोर एकेक दणकट माणूस येऊन उभा राहिला आणि तो सही करत गेला. मला आतून राग येत होता. न्यायासाठी कुणी सही करत नव्हते, जो तो वजनासाठी करत होता. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "सही झाली ना? मग कशासाठी झाली ते त्यांच्यापाशी राहू दे. तू कागद सांभाळ." मी कागद सांभाळला. पाचवा नियम आता असा झाला: 'जो वाड्यात राहतो आणि वाड्यात राबतो, तो वाड्याचा.' पण खाली बैठकीने एक ओळ घुसवली: 'अशा खेळाडूंची संख्या आठात तीनपेक्षा अधिक नसावी.' त्या ओळीवर मी दीड तास भांडले आणि हरले.

सामन्याच्या दिवशी ओहोटी होती, वाळू घट्ट. पहिलाच सामना आमचा आणि वरच्या वाड्याचा. आमच्या आठांत मामा स्वतः, आणि दादा धरून तिघे झारखंडचे. समोरच्यांत सिलिंडरवाला नेपाळी. पंच म्हणून गावचे निवृत्त पीटी मास्तर शिट्टी घेऊन उभे होते. सुरूंच्या सावलीत बायका बसल्या होत्या, मामी पुढे आणि तिच्या शेजारी दादाची बायको, डोक्यावर पदर घट्ट ओढून. तिला बोली येत नव्हती. मामी तिला हाताने सांगत होती, हा रुमाल या रेघेच्या अलीकडे आला की आपण जिंकलो.

दादा सगळ्यात मागे होता. शिट्टी झाली. दोर काही क्षण नुसता थरथरला, मग आमच्याकडे सरकू लागला. एक पाऊल, दोन, चार. रुमाल रेघेपासून वीतभर राहिला. ओरडून माझा घसा बसला. मागे सरकता सरकता दादाची टाच एका सुरूच्या मुळाला लागली.

आणि त्याने दोर सोडला. सोडला, वळला आणि धावत पुढे गेला. आमच्या सातांना ओलांडून, रुमालाला ओलांडून, समोरच्या संघाच्या पहिल्या माणसाच्या पुढ्यात दोर धरून उभा राहिला, रोज सकाळी पाण्यात उभा राहतो तसा.

एक क्षण कुणालाच काही कळले नाही. तेवढ्यात आमचे सातजण फराफरा ओढले गेले आणि एकमेकांवर पडले. मास्तरांनी शिट्टी वाजवली. मग सगळा किनारा फुटला.

"आवशीक खाव! पळालो रे भायलो!"

"धरा तेका, झारखंडाक पोचतलो!"

"तांडेला, दुसऱ्या संघाक दिलंस काय रे तो?"

दादा दोर हातात धरून तिथेच उभा होता. चूक कळल्यावर त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याच्या बायकोने पदर डोळ्यांवर ओढला. मला माहीत होते, आता हा एक प्रसंग वर्षानुवर्षे सांगितला जाईल, बाहेरच्यावर भरवसा ठेवला की काय होते त्याचा दाखला म्हणून. मी मास्तरांकडे धावले, काय सांगणार होते ते आता आठवत नाही. त्यांनी मला हाताने बाजूला केले. नियमाप्रमाणे पहिली ओढ गेली होती.

तीनांतल्या दोन जिंकायच्या होत्या. मामा तावातावाने पुढे आला. दादाला त्याने मधे उभे केले आणि स्वतः सगळ्यात मागे गेला.

"माका बघ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "शेवटाक मी रवतंय. फातोर कसो रवता तो बघ."

फातोर म्हणजे दगड. दुसरी शिट्टी झाली. या वेळी वरच्या वाड्याने आधी ओढले, नेपाळ्याने वाळूत दोन खड्डे पाडले. मग आमच्यांनी धरले. हळूहळू रुमाल परत मधे आला, मग आमच्याकडे. मामा मान खाली घालून एकेक पाऊल मागे टाकत होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, त्यातली तीस या किनाऱ्यावर मागे चालण्यात गेलेली. त्याची पाठ सुरूच्या फांदीला लागली.

त्याने दोर सोडला.

दोनच पावले धावला. मग थांबला. दोन्ही हात तसेच पुढे, मुठी अर्धवट मिटलेल्या. त्याच्या मागे दोराचे टोक वाळूतून सरपटत निघाले होते आणि आमचे सात पुन्हा एकमेकांवर कोसळत होते.

कुणी ओरडले नाही. सगळा गाव मामाकडे बघत होता. ढिगाऱ्यातून दादाने डोके वर काढले, तोंडातली वाळू थुंकली आणि अगदी गंभीरपणे विचारले,

"तांडेल, फुडे जागा आसा?"

मामाने त्याच्याकडे बघितले, मग स्वतःच्या हातांकडे, आणि मटकन खाली बसून हसायला लागला. मग जे काही झाले त्याला हसणे हा शब्द पुरत नाही. वरच्या वाड्याचे जिंकलेले आठजण दोरावरच लोळले. मास्तरांना शिट्टी वाजवता येईना. सुरूंखाली मामीने दादाच्या बायकोचा पदर डोळ्यांवरून बाजूला केला आणि म्हणाली, "बघ गे बघ. माझो पण तसोच." तिला शब्द कळले नसतील. ती हसली मात्र इतक्या मोठ्याने, की दादाने वळून पाहिले.

आम्ही दोन ओढींत हरलो. पहिल्याच फेरीत बाहेर.

आठवड्याने बैठक झाली तेव्हा चौथ्या वाड्याच्या कप्तानाने विषय काढलाच. म्हणाला, नवा नियम गडबडीत झाला, बाहेरच्यांमुळे खेळाची थट्टा झाली, जुना परत आणूया. दोघांनी माना डोलावल्या. मी उठायच्या आत मामा उठला. बैठकीत तो कधी बोलत नसे.

"पयलो हात तेणां सोडलो. दुसरो मी सोडलंय. तेका काढतास तर माकाय काढा. आणि मगे रापण कोण ओढतलो, तां पण लिवा त्या कागदार."

वरच्या वाड्याचा कप्तान म्हणाला, "तांडेलाक काढूक नको. इतको चांगलो विरोधी माका परत गावचो नाय." त्यावर विषय संपला. नियम राहिला.

खेळाने काय झाले आणि काय झाले नाही, तेही लिहिले पाहिजे. झारखंडच्या मंडळींच्या खोल्यांवर अजून तोच पत्रा आहे. रापणीत वाड्याच्या माणसाला वाटा मिळतो, त्यांना मजुरी. दोघांच्या हातात एकच दोर असताना हे असे का, हा प्रश्न मी मामाला विचारते तेव्हा तो समुद्राकडे बघतो. एवढे मात्र बदलले, की आमच्या वाड्याला चिडवताना गाव आता माणसे निवडत नाही. मामाच्या धावण्याचा व्हिडिओ बोटीवरच्या धाकट्या मामापर्यंत पोचला. पाववाला सकाळी सायकलवरून ओरडतो, "आज खंय धावतास रे?" मामा समोर असो की दादा. परवा दादाने उलट ओरडून सांगितले, "तुझ्या उंड्यांच्या मागसून!"

सराव पुन्हा सुरू झाला आहे. संध्याकाळी दोराचे एक टोक वाळूवर ओढून घेतलेल्या होडीला बांधतात आणि आठजण मागे मागे ओढत सुरूंपर्यंत येतात. शेवटचा झाडाला टेकला की सगळे एकसाथ ओरडतात, "सोडू नको!" तरी आठवड्यातून दोनदा कुणीतरी सोडतोच, आणि नंतर बराच वेळ शिव्या चालतात, त्यात आता दोन-तीन झारखंडच्याही असतात. सवय मोडायला वेळ लागेल.

मी माझ्या परीने तीनची ओळ मोडायला घेतली आहे. ठराव लिहून तयार आहे: आकडाच नको, वाड्यात राबणारा प्रत्येकजण वाड्याचा. या वेळी चिकटवण्याआधी मी तो खोल्यांवर नेला आणि दादाला वाचायला दिला. त्याने एक वाक्य खोडायला सांगितले, ते मला फार आवडलेले होते. खोडले. दोन कप्तानांच्या सह्या झाल्या आहेत. मामा म्हणतो, "बघूया." मी रोज चहाच्या वेळी कागद त्याच्या उंड्यांच्या बाजूला ठेवते.